एक कोलन राहिला आणि धोक्याची सूचनाच गायब झाली

या महिन्यात ओपन सोर्स डॉक्युमेंटेशनवर इतकी पत्रं आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. एक सांगून ठेवते, छपाईसाठी कोडमधले शब्दसुद्धा देवनागरीत दिलेत, तुम्ही टाइप करताना ते रोमनमध्येच करायचे, चिन्हं मात्र दिलीत तशीच्या तशी.

प्रश्न: ताई, मी नांदेडला बीएससी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी एक छोटी पायथन लायब्ररी वापरतेय. तिच्या डॉक्समध्ये पेजचा सोर्स बघायची लिंक असते, ती सहज उघडली तर आत एक वॉर्निंग लिहिलेली दिसली, की हे फंक्शन आधीचं आउटपुट फोल्डर न विचारता डिलीट करतं. पण पेजवर ती कुठेच नाही! कोणी मुद्दाम लपवली असेल का? आणि मला लायब्ररीच्या कोडमधलं फारसं कळत नाही, तरी मी हे दुरुस्त करू शकते का? ती ओळ सोबत पाठवतेय.

उत्तर: अगं, मुद्दाम कोणीही लपवलेली नाही, पण तू जे शोधलंस ते खरंच मोठं आहे. तू पाठवलेली ओळ अशी आहे:

.. वॉर्निंग: आधीचं आउटपुट फोल्डर डिलीट होतं.

आणि असायला हवी होती अशी:

.. वॉर्निंग:: आधीचं आउटपुट फोल्डर डिलीट होतं.

फरक फक्त एका कोलनचा. या लायब्ररीचे डॉक्स स्फिंक्स या डॉक्सची पेजेस बनवणाऱ्या टूलवर चालतात आणि स्फिंक्सची मार्कअप भाषा म्हणजे रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, सगळे तिला आरएसटी म्हणतात. आरएसटीत ओळीच्या सुरुवातीला दोन टिंबं आणि एक स्पेस आली की पुढे काहीतरी खास येतंय असं धरलं जातं, मग शब्दानंतर दोन कोलन असले तर ती डिरेक्टिव्ह, म्हणजे इथे वॉर्निंगची रंगीत चौकट, आणि एकच कोलन असला तर ते ना डिरेक्टिव्ह ना लिंक ना फुटनोट, आणि यातल्या कशातच जे बसत नाही ते सगळं आरएसटी कॉमेंट समजून बाजूला टाकतं. कॉमेंट म्हणजे लिहिणाऱ्याने स्वतःसाठी ठेवलेली नोंद, वाचकाला दाखवायची नाही अशी. शिवाय नुसती ती ओळच जात नाही, तिच्याखाली आत सरकवून जेवढं लिहिलंय तेवढं सगळं तिच्यासोबत जातं.

आणि बिल्ड, म्हणजे सोर्सपासून पेज बनवणं, अगदी गुपचूप पास होतं. स्फिंक्सला मायनस कॅपिटल डब्ल्यू दिलं की ते प्रत्येक वॉर्निंगला एरर धरून बिल्ड नापास करतं, बरेच प्रोजेक्ट तसंच चालवतात, पण कॉमेंट लिहिणं ही काही चूक नाही ना, त्यामुळे नापास करायला कारणच मिळत नाही. ज्या चुकीने बिल्ड लाल होतं तिची मला कधीच भीती वाटली नाही, ती कोणीतरी संध्याकाळपर्यंत दुरुस्त करतंच, भीती वाटते ती अशा चुकीची. मी पूर्वी ज्या टीममध्ये डॉक्स बघायचे तिथे अगदी अशीच एक नोट कित्येक महिने पेजवर नव्हती आणि लिहिणाऱ्याची खात्री होती की आपण लोकांना सांगितलंय, आणि लोक सपोर्टला विचारत होते की हे आधी का नाही सांगितलं, दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते.

यासाठी स्फिंक्स-लिंट नावाचं टूल आहे, पायथनच्या स्वतःच्या डॉक्ससाठी एक तपासणीची स्क्रिप्ट होती तिच्यातून ते वेगळं निघालं. ते पिपने इन्स्टॉल कर, डॉक्सच्या फोल्डरवर चालव, ही कॉमेंट बहुतेक डिरेक्टिव्ह असायला हवी होती असं ते ओळ नंबरासकट सांगतं. तुझ्या लायब्ररीत अजून अशा ओळी असतील असं धरूनच चालव, एका माणसाच्या हाताला लागलेली सवय एकाच फाईलमध्ये कधी नसते.

दुरुस्तीला कोअर कोड कळायची काही गरज नाही. गिटहबवर ती फाईल उघड, पेन्सिलच्या चिन्हावर क्लिक कर, ते तुझ्या नावाने फोर्क, म्हणजे प्रोजेक्टची प्रत, करून देतं, कोलन घाल, आणि पीआरच्या (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारायची विनंती) वर्णनात सोप्या इंग्रजीत दोनच गोष्टी लिही, आधी ही वॉर्निंग पेजवर दिसत नव्हती, आता दिसते. डेटा डिलीट होण्याची वॉर्निंग आहे हे टायटलमध्येच येऊ दे, म्हणजे मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारे लोक, आधी तुझा पीआर उघडतील.

प्रश्न: मी इचलकरंजीत पॉलिटेक्निकला लिनक्स लॅब घेतो. एका टूलच्या डॉक्समधली कमांड मुलं कॉपी करून टर्मिनलमध्ये टाकतात आणि टूल म्हणतं असा ऑप्शनच नाही. तीच कमांड मी हाताने टाइप केली की चालते. मुलांना वाटतं सरांच्या कीबोर्डमध्ये काहीतरी आहे. काय प्रकार?

उत्तर: सर, डॅश बदललाय. एकदा ती कॉपी केलेली कमांड एका फाईलमध्ये पेस्ट करून हेक्सडंप, म्हणजे तिच्यातले बाइट आकड्यांत, काढून बघा, साध्या हायफनचा बाइट २डी असतो आणि तुम्ही हाताने टाइप केलेल्या कमांडमध्ये तो दोनदा ओळीने दिसेल, कॉपी केलेलीत मात्र त्या जागी ई२ ८० ९३ असे तीन बाइट दिसतील. तो आहे एन-डॅश, छापील पुस्तकात वर्षांच्या मधे येतो ना, तो लांबट. शेलला आणि टूलला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही, त्यामुळे ऑप्शन ओळखला जात नाही.

हे होतं कसं, तर लिहिणाऱ्याने वाक्याच्या ओघात --हेल्प असं साधंच लिहिलं, कोड म्हणून खूण केली नाही. स्फिंक्समध्ये स्मार्टकोट्स नावाची सोय आपोआप चालू असते, ती सरळ अवतरणचिन्हांची वळणदार करते, तीन टिंबांचं एक चिन्ह करते आणि दोन हायफनचा एन-डॅश करते. गद्यासाठी चांगलीच सोय आहे, मला ती आवडते, पण कमांड हे गद्य नाही. दुरुस्ती म्हणजे तो ऑप्शन दोन-दोन बॅकटिकमध्ये घालायचा, असा: ``--हेल्प``. बॅकटिकच्या आतल्या मजकुराला स्मार्टकोट्स हात लावत नाही.

आता याच जातीची अजून एक गोष्ट, तुम्ही लॅब घेता म्हणून सांगते. मॅन पेजमध्येही, म्हणजे लिनक्समधल्या कमांडच्या माहितीपानांतही, हे होतं. मॅन पेजची भाषा ट्रॉफच्या घराण्यातली, तिच्यात नुसता - म्हणजे शब्द जोडणारा हायफन आणि \- म्हणजे टाइप करायचा मायनस, असा फरक पहिल्यापासून आहे, पण वर्षानुवर्षं दोन्ही स्क्रीनवर सारखेच यायचे त्यामुळे लोकांनी सरसकट नुसता - लिहिला. जुलै २०२३ मध्ये ग्रॉफ, म्हणजे मॅन पेज स्क्रीनवर मांडणारा प्रोग्राम, त्याची १.२३ आवृत्ती आली आणि त्यात यूटीएफ-८ टर्मिनलवर नुसत्या हायफनचा खरोखरीचा युनिकोड हायफन व्हायला लागला, मग कॉपी केलेले ऑप्शन चालेनात, मॅन पेजमध्ये सर्च केलेलंही सापडेना. डेबियनसारख्या काही डिस्ट्रोंनी, म्हणजे लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रकारांनी, आपल्याकडे जुनं वागणं परत आणलं, पण मूळ पेजमधली चूक तशीच राहते, ती दुरुस्त करायला प्रत्येक ऑप्शनच्या हायफनच्या आधी बॅकस्लॅश लावावा लागतो. तुमच्या मुलांना एकेक मॅन पेज वाटून द्या, एका प्रॅक्टिकलमध्ये होईल असं काम आहे, आणि मॅनडॉक नावाच्या प्रोग्रामला लिंट आउटपुट मागितलं तर बाकीच्या चुकाही दाखवतो. मुलांना एक नक्की सांगा, मॅन पेजमध्ये ओळीच्या सुरुवातीला टिंब किंवा एकेरी अवतरण आलं तर ती ओळ कमांड समजली जाते आणि ओळखीची नसेल तर सहसा आवाज न करता गायब होते, म्हणजे .बॅशआरसीसारखं फाईलचं नाव ओळीच्या सुरुवातीला आलं की वाक्यातून फाईलच गेली.

प्रश्न: बॅकटिक एक द्यायचा की दोन? मी बंगळुरूत नोकरी करतो, ऑफिसात सगळं मार्कडाऊन, घरी ज्या ओपन सोर्स प्रोजेक्टला मदत करतो तिथे आरएसटी. सतत गोंधळ होतो.

उत्तर: मार्कडाऊनमध्ये एक, आरएसटीत दोन. आरएसटीत एकच दिलात तर ती चूक धरली जात नाही, त्याला डिफॉल्ट रोल म्हणतात आणि साधारणपणे ते तिरक्या अक्षरात येतं, म्हणून पानावर कुठे फंक्शनचं नाव कोडच्या अक्षरात आणि कुठे तिरकं दिसलं की समजा मार्कडाऊनवाला हात फिरलाय. मार्कडाऊन आलं २००४ मध्ये, आरएसटी त्याच्याही थोडं आधीचं, आणि २००८ मध्ये स्फिंक्स आल्यावर ते पायथनच्या बाहेर पसरलं, अगदी लिनक्स कर्नलनेसुद्धा २०१६ च्या ४.८ पासून डॉकबुक सोडून स्फिंक्सकडे जायला सुरुवात केली. दोन्ही भाषा वेगळ्या लोकांनी वेगळ्या गरजेतून केल्या, बॅकटिक तेवढा दोन्हीकडे आला.

एक मात्र करू नका. शोधा-आणि-बदला लावून सगळ्या फाईलींतले एकेरी बॅकटिक दुहेरी करू नका, कारण आरएसटीत लिंकसुद्धा एकेरी बॅकटिकमध्येच असते आणि शेवटच्या बॅकटिकनंतर अंडरस्कोर असतो, रोलसुद्धा असाच, आधी :फंक: आणि मग एकेरी बॅकटिकमध्ये नाव. माझ्याकडे एकदा असा पीआर आला होता, मुलगा मेहनती होता, शेकडो ओळी बदलल्या होत्या, आणि डॉक्समधली जवळपास प्रत्येक लिंक मेली होती. एकेक बघून बदला, वेळ लागतो तो लागू द्या.

प्रश्न: नमस्कार ताई, मी डोंबिवलीत राहते, एका पायथन प्रोजेक्टच्या डॉक्सचं मराठी भाषांतर करतेय. इंग्रजीत सगळं नीट दिसतं आणि माझ्या मराठीत मात्र पेजवर बॅकटिक, कोलन असं सगळं उघडं पडतं. मी मार्कअप अक्षरशः कॉपी-पेस्ट केलंय, एक चिन्ह इकडचं तिकडे नाही. लॉगमध्ये स्टार्ट-स्ट्रिंग आहे पण एंड-स्ट्रिंग नाही असं काहीतरी येतं. एंड तर आहे! वैताग आलाय.

उत्तर: तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं, कारण हे मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला नडतं आणि कोणी लिहून ठेवत नाही. चूक तुमच्या मार्कअपमध्ये नाहीच, ती आपल्या प्रत्ययात आहे.

तुम्ही लिहिलंय:

``ओपन()``ला फाईलचं नाव द्या.

आरएसटीचा नियम असा की शेवटच्या बॅकटिकनंतर स्पेस हवी नाहीतर विरामचिन्ह हवं, अक्षर चालत नाही. इंग्रजीत ही अडचण येत नाही कारण त्यांचं ‘टू’ सुटं राहतं. आपला ‘ला’ चिकटून येतो, ‘ने’ चिकटतो, ‘मध्ये’, ‘चा-ची-चे’, सगळे चिकटून येतात. मग त्या पार्सरला वाटतं हा बॅकटिक शेवटचा नाहीच, आणि तो पुढे एंड शोधत जातो, सापडत नाही, आणि तुम्हाला ते उघडं पेज आणि तो मेसेज मिळतो.

उपाय तीन आहेत आणि तिन्ही चालतात. पहिला, बॅकटिकनंतर एक बॅकस्लॅश आणि एक स्पेस द्यायची आणि मग ‘ला’, असं: ``ओपन()``\ ला. ही स्पेस पेजवर दिसत नाही, बॅकस्लॅशसकट गिळली जाते, आणि ‘ला’ चिकटलेलाच दिसतो. फक्त तुम्ही पीओ फाईल, म्हणजे भाषांतराची फाईल, साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडत असाल तर तिथे बॅकस्लॅश दोनदा लिहायचा, कारण पीओ फाईलमध्ये एका बॅकस्लॅशला स्वतःचा वेगळा अर्थ आहे. दुसरा उपाय, मधे हायफन, ``ओपन()``-ला, हायफन विरामचिन्हात मोडतो म्हणून तो चालतो, पण पानभर हायफन दिसायला लागले की वाचताना खडे लागल्यासारखं होतं. तिसरा, आणि मी स्वतः बहुतेक वेळा हाच करते, वाक्यच फिरवायचं, ‘``ओपन()`` या फंक्शनला फाईलचं नाव द्या’. मराठी म्हणूनही हे जास्त सरळ आहे, शिवाय नवीन वाचकाला कळतं की हे फंक्शन आहे, फाईल नाही, क्लास नाही. डॉक्युटिल्समध्ये, म्हणजे आरएसटी वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये, हा नियमच सैल करायचं एक सेटिंगसुद्धा आहे, पण ते सबंध प्रोजेक्टला लागू होतं, तेव्हा एकट्या मराठीसाठी ते कोणी बदलेल अशी आशा धरू नका.

मार्कडाऊनमध्ये हेच वेगळ्या तऱ्हेने होतं. तिथे बॅकटिकला प्रत्यय चिकटला तरी चालतं, स्टारला चिकटला तरी बहुतेक चालतं, पण अंडरस्कोरने तिरकं केलेल्या शब्दाला ‘ला’ जोडलात तर अंडरस्कोर तसेच दिसतात. आणि ठळक मजकुराच्या शेवटी कंस किंवा अवतरण असेल आणि लगेच प्रत्यय, म्हणजे **सेव्ह()**ला असं, तर ते दोन-दोन स्टार उघडे पडतात, आतल्या शेवटच्या कंसामुळे. चिनी-जपानी लिहिणाऱ्यांचीही हीच तक्रार आहे.

अजून एक तुम्हाला आज ना उद्या भेटेलच म्हणून आत्ताच सांगते, शीर्षकाखालची रेघ. समजा शीर्षक आहे ‘इन्स्टॉलेशन’, डोळ्याला पाच अक्षरं दिसतात म्हणून खाली पाच वेळा = दिलंत तर रेघ आखूड आहे अशी वॉर्निंग येते, कारण आत काना-मात्रा-हलन्त धरून अकरा चिन्हं आहेत आणि त्यातली बहुतेक मोजली जातात. मोजत बसू नका, शीर्षकापेक्षा बरीच लांब रेघ मारा, लांब रेघेला काहीही हरकत नसते.

आणि लॉगमध्ये भाषांतरात रेफरन्स जुळत नाहीत असं आलं तर मूळ वाक्यात दोन लिंक आहेत आणि तुमच्यात एकच उरलीय एवढाच त्याचा अर्थ, बहुतेक वेळा एखादा अंडरस्कोर राहिलेला असतो.

प्रश्न: मी पणजीला असतो, पोस्टग्रेसच्या डॉक्समध्ये एक परिच्छेद सुधारायला घेतला. एरर येते फाईलच्या पार शेवटच्या ओळीवर, जिथे मी काही केलेलंच नाही!

उत्तर: एरर जिथे कळली तिथला नंबर येतो, जिथे झाली तिथला नाही. तुम्ही मधे कुठेतरी टॅग उघडलाय आणि बंद केला नाही, आणि पार्सर बिचारा वाट बघत शेवटपर्यंत गेला. तुमच्या डिफमध्येच, म्हणजे तुम्ही बदललेल्या ओळींतच, बघा, बाहेर शोधू नका, उघडणारे आणि बंद करणारे टॅग पेन्सिलने जोडत जा.

पोस्टग्रेस या डेटाबेसचे डॉक्स डॉकबुक या टॅगवाल्या मार्कअपमध्ये आहेत आणि फाईलींचं एक्सटेन्शन एसजीएमएल असं असलं तरी २०१७ पासून आत सगळं एक्सएमएल आहे, नावावर जाऊ नका. त्याआधीच्या काळात कुठलाही टॅग नुसत्या </> ने बंद करता यायचा, जुन्या फाईली किंवा जुने पॅच बघून कोणी ते उचललं की आता बिल्ड मोडतं, पूर्ण नावानेच बंद करायचा. दुसरं म्हणजे उदाहरणातल्या क्वेरीत < किंवा & असेल तर तो तसाच लिहून चालत नाही, < साठी &एलटी; आणि & साठी &एएमपी; लिहायचं. एंटिटीला नाव नाही अशा अर्थाचा मेसेज आला की सुटा & शोधा, हमखास तोच असतो. डॉक्सच्या फोल्डरमध्ये मेक चेक चालवलं की पूर्ण एचटीएमएल न बनवता नुसती तपासणी होते. मग पॅच बनवून ईमेलने पाठवायचा, तिथे गिटहबवर पीआर घेत नाहीत.

प्रश्न: मी संभाजीनगरला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात आहे. रिझ्युमेसाठी ओपन सोर्स कॉन्ट्रिब्युशन हवं म्हणून डॉक्समधल्या छोट्या चुका दुरुस्त करायचं ठरवलं, तर सीनियर म्हणाला हे स्पॅम आहे, मेंटेनर लोक चिडतात. खरं आहे का?

उत्तर: तुझा सीनियर चिडण्याबद्दल बरोबर सांगतोय, पण कशावर चिडतात ते चुकीचं सांगतोय. ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्ट नावाचा ओपन सोर्सचा उपक्रम होता, चार पीआर केले की टी-शर्ट, आणि हजारो जणांनी दुसऱ्यांच्या रीडमी फाईलीत शीर्षकाला एखादं विशेषण जोडून पीआर पाठवले, पुष्कळसे आपल्याच देशातून, एक व्हिडिओ बघून. मेंटेनर लोकांचे ते दिवस तसले पीआर बंद करण्यात गेले. आयोजकांना ३ ऑक्टोबरला नियम बदलावा लागला, की ज्या प्रोजेक्टने स्वतःहून हो म्हटलंय तिथलेच पीआर मोजायचे. पुढे एक्सप्रेस नावाच्या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या रीडमीमध्येही असंच झालं, मुलं शिकण्यासाठी आपलं नाव घालून पीआर पाठवत होती. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं, कारण त्यानंतर खरं काम करणाऱ्या भारतीय मुलांच्या पहिल्या पीआरकडेही लोक संशयाने बघायला लागले.

पण वाचकाला चुकीचं दिसणारं काहीतरी तू बरोबर केलंस तर ते स्पॅम कसं होईल? तुटलेली लिंक, गायब झालेला कोड ब्लॉक, एन-डॅश झालेला ऑप्शन, हे सगळं खरं काम आहे. तू फक्त एवढं पाळ. आधी प्रोजेक्टची कॉन्ट्रिब्युटिंग फाईल वाच, काही ठिकाणी टायपोसाठी इश्यू लागत नाही, काही ठिकाणी सीएलए, म्हणजे योगदानाचा करार, सही करायला लागतो, पायथनला लागतो. एका पीआरमध्ये एकाच जातीची चूक, दहा फाईलींत असली तरी चालेल, पण बॅकटिकच्या पीआरमध्ये कोणाचं इंग्रजी सुधारायला जाऊ नकोस, ओळी परत गुंडाळू नकोस, एडिटरने फाईलभर स्पेस बदलल्यात का ते डिफमध्ये बघ. आणि पाठवायच्या आधी बिल्ड करून ते पेज ब्राउझरमध्ये स्वतःच्या डोळ्याने बघ, नुसतं सोर्स बघून पाठवू नकोस. मी पीआर उघडते तेव्हा आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट दिसला की बाकी निम्मं काम झालेलं असतं, मला तो ब्रँच उतरवून बिल्ड करत बसावं लागत नाही.

इंटरव्ह्यूला विचारलं तर संख्या सांगू नकोस, एक पीआर उघडून दाखव आणि ती चूक का झाली होती ते सांग.

प्रश्न: पीआर पाठवून तीन आठवडे झाले, कोणी बघितलेलाही नाही. बंद करू का?

उत्तर: नको. सीआय, म्हणजे पीआरवर आपोआप होणारी तपासणी, हिरवं आहे ना बघा, मेन ब्रँच पुढे गेली असेल तर अपडेट करा, आणि एक ओळीची नम्र आठवण लिहा. बहुतेक प्रोजेक्ट दोन-तीन माणसं नोकरी सांभाळून चालवतात, परीक्षा, आजारपण, घरातलं कार्य, सगळ्यांनाच असतं. महिन्याने अजून एक आठवण, त्याच्यापुढे नाही.

प्रश्न: मी कोल्हापूरचा, वय ६६. छत्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम केलं, खिळे जुळवण्याच्या काळापासून ते डीटीपीपर्यंत. नातवाकडून लॅपटॉप शिकलो. प्रोग्रामिंग येत नाही, इंग्रजी वाचता बरं येतं. तुमच्या या कामात माझ्यासारख्याचा काही उपयोग आहे का?

उत्तर: काका, फार उपयोग आहे, अगदी मनापासून सांगते. प्रोग्रामर माणूस डॉक्स वाचताना त्याला हवी ती ओळ शोधतो आणि निघून जातो, पान असं वाचतच नाही. तुम्ही पान वाचता. तुमच्या नजरेला फाँट बदललेला, समास सरकलेला, ओळ अर्धवट तुटलेली आधी दिसेल, आणि मार्कअपची चूक पानावर नेमकी अशीच दिसते.

काय बघायचं ते सांगते. वाक्यात मधेच स्टार, बॅकटिक किंवा कोलन उघडे पडलेत का. यादी असायला हवी तिथे सगळे मुद्दे एका परिच्छेदात डॅश देऊन एकामागे एक आलेत का, आरएसटीत यादीच्या आधी रिकामी ओळ सोडायची राहिली की असं होतं, दुरुस्ती म्हणजे फक्त ती एक ओळ सोडायची. ‘खाली दिल्याप्रमाणे’ असं म्हटलंय आणि खाली काहीच नाही, असं आहे का, तिथे कोड ब्लॉक गायब झालेला असतो. आणि वाक्यात शब्द राहिल्यासारखा वाटतोय का, म्हणजे ‘कमांडनंतर द्या’ असं, काय द्या ते नाहीच, तर तिथे लेखकाने कोनी कंसात रोमनमध्ये यूजरनेम असं लिहिलेलं असतं आणि मार्कडाऊनने तो एचटीएमएलचा टॅग समजून टाकून दिलेला असतो. हे शेवटचं प्रोग्रामरच्या नजरेतून हटकून सुटतं, कारण गाळलेला शब्द त्याला मनातून माहीत असतो. तुम्हाला तो माहीत नाही, म्हणून तुम्हाला खड्डा दिसेल.

सुरुवात अशी करा. नातवाला गिटहबवर खातं काढून द्यायला सांगा. नातू जे टूल वापरतो आणि ज्याचे डॉक्स गिटहबवर आहेत त्याचं एखादं पान घ्या, आणि कागदावर प्रिंट काढा. खरंच सांगते, प्रिंट काढा आणि तुमच्या नेहमीच्या खुणा करा, लाल पेनने, समासात. मग नातवासोबत बसून एकेका खुणेसाठी सोर्स उघडा आणि ती चूक कुठल्या चिन्हाने झाली ते दोघं मिळून शोधा. पहिल्या पानाला एक अख्खी संध्याकाळ जाईल. त्या खुणा केलेल्या पानाचा फोटो मला पाठवा, जिथे अडेल तिथे प्रश्नचिन्ह करून ठेवा, पुढच्या अंकात त्याच पानावरून उत्तर देईन.